उभी गाडी

नत्थुजींनी क्लच दाबून चावी फिरवली. गाडीने नुसता घसा खाकरला. पुन्हा फिरवली, तर तेवढंही नाही. काट्यांमागचे दिवे जरा मिणमिणले आणि विझून गेले.

"राहू द्या काका," खालून धर्मपालचा आवाज आला. "पार बसली."

धर्मपाल पाठीवर सरकत गाडीखालून बाहेर आला आणि मीटरनेच आपल्याला फसवलं असावं अशा नजरेने हातातल्या मीटरकडे बघत राहिला. राजापेठेत त्याचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. तिथे सकाळपासून गिऱ्हाईक खोळंबलेलं असायचं. तरी तो दुचाकी काढून अमरावतीबाहेरच्या या फुलमळ्यात येत होता, कारण गाडी नत्थुजींच्या मुलाची, अंकुरची होती आणि अंकुर त्याचा दोस्त होता.

दुखणं सुरुवातीला साधं वाटलं होतं. पिकअप बरेच महिने शेडात उभी होती. ती सुरू करायची ठरली तेव्हा अल्टरनेटर, म्हणजे चालत्या इंजिनावर बॅटरी भरून देणारं यंत्र, कामातून गेलेलं निघालं. नत्थुजी त्याला अजून डायनमाच म्हणत. नवा डायनमा बसवला, बॅटरी दुकानात नेऊन भरून आणली, आणि गाडी अशी हुंकारून उठली की गोठ्यातली म्हैस दावं ओढून उभी राहिली. झालं काम, असं सगळ्यांना वाटलं. पण दोन-चार दिवस गेले आणि पुन्हा तीच रड. बॅटरी भरायची, शेडात आणून जोडायची, आणि आठवडाही सरायच्या आत ती कोरडी ठणठणीत. धर्मपालने पट्टा ताणून पाहिला, बॅटरीच्या टोकांवर साचलेली पांढरी बुरशी गरम पाण्याने धुतली, अर्थिंगची तार घासून लख्ख केली. नत्थुजी प्रत्येक वेळी शेजारी उकिडवे बसून, हातात पान्यांची पिशवी धरून, डॉक्टरच्या तोंडाकडे बघणाऱ्या नातेवाइकासारखे त्याच्याकडे बघत राहायचे.

आज धर्मपाल आपली एक बॅटरी घेऊनच आला होता. तिला तारा जोडून त्याने गाडी सुरू केली आणि मीटर लावलं.

"चौदा व्होल्ट दाखवते, काका. डायनमा भरून देऊन राहिला, बॅटरी घेऊन राहिली. मंग जाते कुठं?"

नत्थुजींना ते ठाऊक असतं तर काय हवं होतं. त्यांना एवढंच कळत होतं की दिवस थोडे उरलेत. पितृपक्ष लागला होता; तो संपला की शेंदूरजनाघाटचा एक संत्र्यांचा व्यापारी गाडी न्यायला येणार होता. बोलणं झालं होतं, शब्द मात्र दिलेला नव्हता. शब्द अडला होता तो सुनेपायी.

पौर्णिमाने उन्हाळ्यात माहेरी जाऊन भावाकडून गाडी शिकून घेतली होती. परत आली ती लायसन घेऊनच. दसऱ्याचा झेंडू अमरावतीच्या बाजारात मी नेते, म्हणाली, आणि पुढेही मीच नेईन. दुसऱ्याच्या गाडीत आपली फुलं शेवटी चढतात आणि बाजारात शेवटी उतरतात, तोवर भाव उतरलेला असतो. तिचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. पण नत्थुजींनी मान हलवली नाही. पहाटेच्या अंधारात, एकटी बाई, आणि रस्त्यात गाडी बंद पडली तर? गाडीतला दोष सापडल्याशिवाय चावी मिळायची नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. पितरं सरेपर्यंत दोष निघाला तर गाडी पौर्णिमाची, नाहीतर व्यापाऱ्याची. पौर्णिमाने बरं म्हटलं आणि विषय तिथेच संपला. या घरात विषय असेच संपायचे.

धर्मपालने इंजिन बंद केलं. मग मूळची बॅटरी थोडी भरू देऊन त्याने तिची एक तार सोडवली आणि तार नि बॅटरी यांच्यामध्ये एक छोटा बल्ब धरला. गाडीत काही लपूनछपून करंट पीत असेल, तर हा बल्ब लागायला हवा. बल्ब लागला नाही. त्याने हात झटकले.

शेडाच्या तोंडाशी पौर्णिमा झेंडूची टोपली निवडत बसली होती. धर्मपालने तिलाच विचारलं.

"वैनी, एखांदी लाइट-गिट चालू राहून जाते का रात्री?"

"नाही," पौर्णिमा म्हणाली. "सकाळी मीच तर गाडीवरची ताडपत्री सारतो. दिसली असती ना." टोपलीतलं एक चांगलं फूल तिने उगाचच बाजूला टाकलं.

धर्मपाल जायला निघाला तेव्हा दुचाकीवर बसल्या बसल्या म्हणाला, "काका, हे गाडी रोज अमरावतीले जात असती ना, तर आपल्याले समजलंही नसतं. रात्री गेलं ते दिवसा चालता चालता भरून आलं असतं. उभ्या गाडीले कोण भरून देईन?" मग त्याने एक उपाय सांगितला. संध्याकाळी बॅटरीची तार काढून ठेवायची, सकाळी लावायची. त्यानेही बॅटरी उतरली तर बॅटरीच खराब. नाही उतरली तर रात्री कोणीतरी करंट खातंय हे नक्की. "लावतानी मात्र कसून आवळजा. तारेचा क्लॅम्प ढिला झाला हाये, टेकून ठेवला तर करंट कट होते."

अंकुर गेला त्या दिवशी गाडी सापडली होती ती अमरावतीच्या नाक्याअलीकडे, रस्त्याच्या कडेला, कडुलिंबाखाली. माघाचे दिवस होते. अंकुर फुलं देऊन परत निघाला होता. छातीत कळ आली असणार. त्याने गाडी नीट बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं, केबिनचा दिवा लावला आणि मान मागे टेकली. ड्रायव्हर झोपलाय असं समजून लोक दुपारपर्यंत शेजारून जात राहिले. तिशी ओलांडून फार दिवस झाले नव्हते त्याला. त्याला दवाखान्यात नेलं तेव्हा नत्थुजी गाडीपाशीच मागे राहिले होते. मोठी गर्दी जमली होती आणि गाडी रस्त्यातून हलवा म्हणून पोलीस सांगत होता. ते पोराच्या सीटवर बसले तेव्हा केबिनचा दिवा भर उन्हातही चालूच होता. हिशेब बघायला उजेड हवा म्हणून अंकुरने तिथे मोठा बल्ब बसवून घेतला होता. नत्थुजींनी हात वर करून तो बंद केला आणि गाडी घरी आणली.

हे त्यांनी बायकोला, गोदाबाईंना सांगितलं होतं, कारण गोदाबाईंनी बारीकसारीक सगळं विचारलं होतं. दिव्याचं ऐकल्यावर त्यांनी विचारलं, "कोणं इझवला?"

"मीनं."

रीतीप्रमाणे माजघरात जिथे अंकुरला आणून ठेवलं होतं तिथे जागा सारवून दिवा लावला गेला आणि तेराव्यापर्यंत तो जपला गेला. शेजारच्या पार्बताबाई तेवढं म्हणून गेल्या होत्या की दिवा जीव गेला तिथं पाहिजे, घरात लावून काय उपयोग. वयाने मोठी बाई. बोलली आणि विसरली.

नत्थुजी त्या तेरा दिवसांत रडले नाहीत. नंतरही नाही. माणूस दगड आहे, असं गावात दबक्या आवाजात बोललं गेलं, आणि ते त्यांच्या कानावरही आलं. त्यांना स्वतःलाही तसंच वाटायचं. पण गाडीचं बॉनेट उघडून त्यात डोकं घातलं की त्यांना बरं वाटायचं. तिथे जे बिघडलेलं होतं ते सापडू शकत होतं. नट सैल असेल तर आवळता येत होता, तार तुटली असेल तर जोडता येत होती.

त्या दिवसापासून संध्याकाळी निशिगंधाला पाणी द्यायला जाण्याआधी त्यांनी ताडपत्री उचलून, चाकाजवळच्या पेटीतल्या बॅटरीची तार काढून ठेवायला सुरुवात केली. पहिल्या सकाळी तार लावून चावी फिरवली. गाडी एका झटक्यात सुरू झाली. पहिल्या दिवसाचं काय, असं म्हणून त्यांनी मनाला आवरलं. दुसऱ्या सकाळीही तेच. तिसऱ्या सकाळी इंजिन सुरू ठेवून त्यांनी धर्मपालला फोन लावला आणि काही न बोलता फोन इंजिनाजवळ धरला. पलीकडून धर्मपालचं हसू ऐकू आलं. कितीतरी महिन्यांनी नत्थुजींच्या कपाळावरची आठी सैलावली.

"म्हंजे रात्रीच कोणीतरी खाते," धर्मपाल म्हणाला. "काय खाते ते पाहू. तोवर तार काढत जा."

दोष पुरता सापडला नसला तरी हातात आला होता. पौर्णिमाला चावी द्यायला हरकत नव्हती. ही बातमी सांगावी म्हणून ते उत्साहाने घरात गेले, तर पौर्णिमा सासूपुढे ताट घेऊन बसली होती. गोदाबाई रात्री जेवल्या नव्हत्या. आदल्या रात्रीही नाही. पौर्णिमाने भाकरी कुस्करून दुधात कालवली होती, आणि लहान पोराला लावावी तशी लाडीगोडी लावत होती. गोदाबाई मात्र भिंतीकडे तोंड करून बसलेल्या. नत्थुजींनी विचारलं, बरं नाही का? दवाखान्यात जायचं का? त्यांनी मान हलवली. पौर्णिमाने एकदा सासऱ्याकडे पाहिलं, बोलायला तोंड उघडलं, आणि मग ताट उचलून आत निघून गेली.

पितरांचे दिवस आहेत, पोराच्या आठवणीने होत असेल, असा अर्थ नत्थुजींनी काढला आणि ते मळ्यात गेले. चावीचं सांगायचं राहून गेलं.

संध्याकाळी त्यांनी नेहमीप्रमाणे तार काढली, पाना खिशात टाकला आणि निशिगंधाकडे गेले. दोन वाफे भिजले नाहीत तोच लाइन गेली. मोटर बंद पडली. थोडा वेळ बांधावर बसून त्यांनी वाट पाहिली. गावातही कुठे दिवा दिसेना, तेव्हा फावडं खांद्यावर टाकून ते परतले. दिवेलागणीची वेळ. फावडं ठेवायला ते शेडात शिरले.

खट.

आवाज ताडपत्रीच्या आतून आला. उंदीर असेल म्हणून ते थांबले. थोड्या वेळाने पुन्हा. खट. मग पुन्हा खट. हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. केबिनच्या छताला आरशाच्या वर एक बटण होतं, ते सरकवलं की असा आवाज व्हायचा. एकदा भर उन्हात त्यांनी ते स्वतःच्या हाताने सरकवलं होतं.

"आजही नाही का रे, बापू?" आतून गोदाबाई म्हणाल्या.

नत्थुजी फावडं धरून जागच्या जागी उभे राहिले.

एवढे दिवस गाडीतला करंट कोण पीत होतं ते त्यांना एका क्षणात कळलं. म्हातारीला तेलाचा दिवा गाडीत ठेवता आला नव्हता. सीटचा फोम, वर ताडपत्री, पेट घेतला असता. म्हणून ती रोज दिवेलागणीला इथे येत होती आणि नवऱ्याने विझवलेला तोच दिवा पुन्हा लावून जात होती. जाड ताडपत्रीतून उजेडाची रेघही बाहेर पडत नव्हती. आणि सकाळी ताडपत्री सारायला सगळ्यांच्या आधी कोण येत होतं? पौर्णिमा. दिवा बंद करत होती तीच. तिला सगळं माहीत होतं. एक शब्द बोलली असती तर धर्मपालच्या खेपा वाचल्या असत्या आणि चावी तिला कधीच मिळाली असती. ती नाही म्हणाली होती, आणि एक चांगलं फूल बाजूला टाकलं होतं.

आणि आपण चार संध्याकाळी पाना घेऊन आलो, तिच्या दिव्याचा करंट तोडला आणि खूश झालो. 

खट. खट.

त्यांनी फावडं आवाज न करता भिंतीला टेकवलं. चाकाजवळ गुडघे टेकून बसले, ताडपत्रीचा काठ वर सारला आणि पेटीचं झाकण चाचपून उघडलं. अंधारात तारेचं टोक सापडलं. ते बॅटरीवर ठेवलं तेव्हा बारीकशी ठिणगी उडाली, ताडपत्रीच्या काठाखाली जमिनीवर पिवळा उजेड पडला, आणि लगेच गेला. क्लॅम्प ढिला. त्यांनी तळहाताने तो दाबून धरला. उजेड परत आला. पाना खिशात होता, पण आवळायला हात काढला की उजेड जात होता. म्हणून त्यांनी हात काढलाच नाही.

आत बटणाचा आवाज थांबला. मग गोदाबाई बोलू लागल्या. शाळेतून आलेल्या पोराशी बोलावं इतक्या साध्या आवाजात त्या सांगत होत्या. झेंडूले कळ्या चांगल्या लागल्या. म्हैस आटली. पौर्णिमाची तब्येत उतरली, लय कष्ट करते पोरगी, माह्यापायी गप राहते.

"तुह्ये बाबा बोलत नाही रे कोणाशी," त्या म्हणाल्या. "त्यायले बोलताच येत नाही. नट आवळत बसते मानूस. तू रागवू नको त्यायच्यावर. त्यायनं काही जानून इझवला नाही दिवा."

नत्थुजी चाकाला टेकून बसले होते. अंकुर गेल्यापासून जे आलं नव्हतं ते आता आलं, आणि ते दोन्ही डोळ्यांतून वाहत राहिलं. एक हात मोकळा होता, पण त्यांनी पुसलं नाही. क्लॅम्पवरचा हात भरून आला, मग बधिर झाला. सैल सुटू नये म्हणून त्यांनी वरून दुसरा हातही ठेवला.

शेवटी दार वाजलं. ताडपत्री बाजूला करून गोदाबाई खाली उतरल्या, आणि चाकाजवळ बसलेला नवरा त्यांना दिसला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, पेटीतल्या हातांकडे पाहिलं. तारेतलं त्यांना काही कळत नव्हतं. पण उजेड कोणी धरून ठेवला होता ते कळलं असावं. त्या तिथेच, त्यांच्याशेजारी जमिनीवर बसल्या.

"सकाळी पौर्णिमा गाडी नेईन," नत्थुजी म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला. "रोज नेईन. अमरावतीले."

गोदाबाईंनी ताडपत्रीखालच्या उजेडाकडे पाहिलं.

"मंग दिवा?"

"गाडी चालली की बॅटरी भरते. रातभर लाव तू. कमी पडनार नाही."

गोदाबाईंना ते तितकं पटलं नाही. त्यांना वेगळीच धास्ती होती, आणि ती विचारायला त्यांना धीर एकवटावा लागला.

"संध्याकाळी परत येईन ना गाडी?"

नत्थुजींनी क्लॅम्प आणखी घट्ट दाबला.

"येईन," ते म्हणाले. "माह्या खिशातला पाना काढ. मी धरतो, तू आवळ."